मुंबईत पहिली नोकरी शोधताय? आधी माणसांशी बोला

टीवायचा, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागला की बहुतेक जण एकच करतात, नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन उघडायचं, दिसेल तिथे अप्लाय दाबत सुटायचं आणि मग महिन्याभराने "एवढे अर्ज केले, एक कॉल नाही" म्हणून हिरमुसून बसायचं. अप्लाय कराच. पण फ्रेशरच्या एकेका पोस्टवर इतके सीव्ही येऊन पडतात की एचआर सगळे उघडतही नाही, आणि कितीतरी जागा जाहिरात लागायच्या आधीच टीममधल्या कुणीतरी सुचवलेल्या पोराने भरलेल्या असतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, रोजचा अर्धा वेळ पोर्टलला द्या आणि अर्धा माणसांना.

यावर लगेच ऐकू येतं, "आमची कुठे ओळख नाही हो". अहो, त्यासाठी मामा मोठ्या हुद्द्यावर असायला लागत नाही. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती बातमी जवळच्या मित्राकडून कळलेलीच नव्हती, कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांचा अभ्यास झाला त्यातही थोड्याफार ओळखीचे लोकच जास्त कामाला आल्याचं दिसलं. कारण साधं आहे, तुमच्या कट्ट्यावरच्या पोरांना तेच माहीत असतं जे तुम्हाला आधीच माहीत आहे. तर एक वही घ्या आणि नावं लिहायला बसा: दोन वर्षं पुढचे सीनियर, सोसायटीतली सीएच्या ऑफिसात जाणारी ताई, क्लासचे सर, फेस्टच्या स्पॉन्सरशिपसाठी ज्यांच्या दारात गेला होतात ते, गणपती मंडळातला दादा, बाबांच्या रोजच्या लोकलमधल्या ग्रुपचे काका. वही भरते, खरंच भरते.

आता मेसेज. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा सविस्तर सांगते. "सर प्लीज जॉब असेल तर सांगा" याला उत्तर येत नाही, कारण समोरच्याच्या हातात त्या क्षणी जॉब नसतो आणि नाही म्हणायला त्याला जड जातं. नोकरी मागू नका, माहिती मागा. असं काहीसं लिहा: "नमस्कार ताई, मी आपल्या कॉलेजची, यंदा टीवायबीकॉम झाले. तुम्ही ऑडिटमधून फायनान्स अ‍ॅनालिसिसकडे गेलात असं प्रोफाइलवर वाचलं, मलाही तिकडेच जायचंय. एक्सेलनंतर काय शिकावं यावर दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? शनिवार रविवार कधीही चालेल." चारपाच ओळी, आपण कोण, त्यांचं नेमकं काय वाचलं, एक प्रश्न, बस. कॉलेजच्या सीनियरला दादा ताई चालतं, अनोळखी माणसाला सर मॅडम. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या, लोक खरंच कामात असतात.

फोन झाला तर पंधरा मिनिटांच्या वर ताणू नका, आणि शेवटी एकच विचारा, "अजून कुणाशी बोलू?" एका फोनमधून दुसरं नाव, दुसऱ्यातून तिसरं, हे असंच पुढे जातं. त्यांनी काही शिकायला सांगितलं असेल तर ते शिका आणि महिन्याभराने कळवा, म्हणजे रेफरल द्यायची, म्हणजे आपल्या कंपनीत कुणाचं नाव सुचवायची वेळ येते तेव्हा त्यांना तुमचं नाव आठवतं.

गोरेगावच्या नेस्कोमध्ये आणि बीकेसीच्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये वर्षभर इंडस्ट्रीची प्रदर्शनं चालू असतात, पॅकेजिंग, फार्मा, प्रिंटिंग, काय काय. व्हिजिटर म्हणून नाव नोंदवून बऱ्याच ठिकाणी फुकट जाता येतं, आधी नियम तेवढे वाचा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते आणि स्टॉलवरची माणसं बोलायला मोकळी असतात, तेव्हा जा.

सीव्ही एका पानाचा. "हार्डवर्किंग, टीम प्लेअर" काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी "काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाची सहा महिने टॅलीत एन्ट्री केली, जीएसटी रिटर्नसाठी सेल्सचा डेटा तयार केला" असं लिहा, हे खरं काम आहे आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न यावरच येतो. दुकानात काम केलं हे लपवणारी पोरं बघितली की मला फार वाईट वाटतं. पोर्टलवरचं प्रोफाइल दर थोड्या दिवसांनी अपडेट करत राहा, रिक्रूटर अलीकडे अ‍ॅक्टिव्ह असलेलेच आधी बघतात. सरकारी बाजूला केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) आणि राज्याचं महास्वयंम ही नोकरीची पोर्टल आहेत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणूनही लागता येतं, स्टायपेंड मिळतो आणि सीव्हीवर अनुभव येतो, तेही बघून ठेवा.

इंटरव्ह्यू बीकेसी, पवई किंवा ऐरोलीला असेल तर ट्रेनच्या वेळेवर अजून अर्धा तास धरा. मोठ्या बिल्डिंगच्या गेटवर ओरिजिनल आयडी मागतात, कुणाला भेटायचंय त्याचं नाव आणि नंबर विचारतात, वर फोन लावतात आणि मग पास देतात. एचआरचं नाव आणि मजला आधीच लिहून ठेवा.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. टेलिग्रामवरचे "घरबसल्या टास्क" पण तसलेच. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आणि ऑफर आली की सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) आकड्यावर खूश होऊन लगेच हो म्हणू नका. बेसिक किती, कंपनीचा पीएफ त्यातच धरलाय का, बोनस नक्की की टार्गेटवर, हातात दर महिन्याला किती येणार, हे सगळं ईमेलवर मागा, फ्रेशरने विचारलं म्हणून सहसा कुणी ऑफर मागे घेत नाही. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती भरायचे ते सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून वाचा. ओरिजिनल मार्कशीट दाखवायच्या आणि लगेच परत घ्यायच्या, कुणाकडेही ठेवून यायच्या नाहीत.