डोमेन अडवून बसलेल्याच्या पळवाटा आणि तक्रारीची तयारी

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वस्तात घेऊन चढ्या भावाने विकणं हा गुन्हा नाही. तंट्याचे नियम हेतू तपासतात: नाव घेताना डोळा दुसऱ्याच्या ब्रँडवर होता का? सट्टेबाजाच्या बहुतेक पळवाटा इथेच असतात, आणि त्यातली एक तर तक्रारदारच उघडून देतो.

ती म्हणजे ‘केवढ्याला देणार?’ ही मेल. डॉट कॉमसारख्या नावांना यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या तंट्यांची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू होते. ब्रँडमालकालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकायला नाव घेतलं असेल, तर तो दुष्ट हेतूचा पुरावा धरतात. पण भाव आधी तुम्ही विचारलात की त्याचा आकडा नुसतं उत्तर ठरू शकतो. पुरावे हाती येईपर्यंत मेल नकोच.

आरडॅपवर, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर, नोंदणीची तारीख पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथे २००९ दिसत असलं तरी आजच्या मालकाने नाव २०२२ मध्ये विकत घेतलेलं असू शकतं, आणि तंट्याचा निकाल देणारं पॅनेल सहसा त्याने घेतल्याची तारीख धरतं. नुसतं नूतनीकरण मात्र नवी नोंदणी ठरत नाही. मालक कधी बदलला याचा माग वेबसाइटची जुनी पानं जपणाऱ्या वेबॅक मशीनवर आणि हूइज या आरडॅपच्या आधीच्या सेवेतल्या जुन्या नोंदींत लागतो. ‘विक्रीसाठी’ असं लिहिलेलं पान, त्यावरच्या तुमच्याच धंद्यातल्या जाहिराती यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

नाव साधा शब्दकोशातला शब्द असेल तर प्रकरण अवघड. तो शब्द त्याच्या रूढ अर्थासाठी घेतला, हा बचाव बऱ्याचदा चालतो. पण शब्दाआडचा डाव उघडाही पडतो. डॉट ईयू या युरोपीय संघाच्या डोमेनच्या सुरुवातीला ट्रेडमार्कधारकांना आधी संधी होती. एका ऑस्ट्रियन कंपनीने ३३ सामान्य शब्द प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे ‘&’ घालून स्वीडनमध्ये ट्रेडमार्क केले. नियमानुसार चिन्ह गाळता येत होतं, म्हणून तिला ‘रायफेन’, म्हणजे जर्मनमध्ये टायर, हे डोमेन मिळालं. ट्रेडमार्क मात्र सीटबेल्टसाठी! २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की दुष्ट हेतू ठरवताना ही सगळी परिस्थिती पाहायची.

डॉट इनसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची, आयएनडीआरपी ही वेगळी नियमावली आहे, आणि इथे तुमची बाजू थोडी भक्कम. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही दुष्ट हेतूने झालेले दाखवावे लागतात. इथे दोहोंपैकी एक पुरे. ट्रेडमार्क नोंदलेला नसेल तर जुनी बिलं, जाहिराती, वर्तमानपत्रांतली कात्रणं जोडा. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केलं आहे.

तक्रारीचा सुगावा लागताच नाव दुसऱ्याच्या नावे करण्याची युक्ती पूर्वी चाले. २०१५ पासून यूडीआरपीत रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने, दोन कामकाजाच्या दिवसांत, मालकाला न कळवता, डोमेन गोठवायचं असतं. तेव्हा आधी धमकीची नोटीस पाठवून त्याला सावध करू नका.

यूडीआरपीच्या तक्रारी घेणाऱ्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एक ते पाच नावांसाठी एका पॅनेलिस्टचं शुल्क १,५०० डॉलर आहे. जिंकलात तर नाव मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई नाही. त्याने तुमच्या ब्रँडच्या जन्माआधी नाव घेतलं असेल तर यूडीआरपीत तक्रार करू नका: बहुधा हराल, वर ‘उलट अपहरणा’चा, म्हणजे तक्रारीआडून दुसऱ्याचं नाव बळकावू पाहिल्याचा, शेरा मिळू शकतो. अशा वेळी मध्यस्थामार्फत, ब्रँडचं नाव न सांगता, भाव काढा.