मोतीबिंदूची लेन्स निवडताना या चुका टाळा

गेली अठरा वर्षं सिंधुदुर्गात मी डोळे मोजतेय. ऑपरेशन डॉक्टर करतात. त्याआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजायचा, मग "कुठली लेन्स घालू?" या प्रश्नाला तोंड द्यायचं, हे माझं काम. चुका ठरलेल्याच, फक्त माणसं बदलतात.

महागातली ती चांगली. चार दिवसांची रजा काढून आलेला चाकरमानी काउंटरवर हात टेकतो नि म्हणतो, "बाबांना तुमच्याकडची बेस्ट टाका." बेस्ट कशासाठी, हे बाबांना कुणी विचारत नाही.

मालवणकडच्या एका तांडेलांचं, म्हणजे बोट हाकणाऱ्यांचं, असंच झालं. मुलाने हौसेनं मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स, घालून दिली. आठवड्याने तपासलं तर लांबचं उत्तम, जवळचं उत्तम, चष्मा नाही. मी खूश. महिन्याभराने ते एकटेच आले आणि टोपी मांडीवर ठेवून बसले. "बाय, रात्री बोटीवर प्रत्येक दिव्याक खळा पडलेला दिसता. लाल खयचो नि हिरवो खयचो, ता माका कळणा नाय."

बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. समोरची बोट अंगावर येतेय की आडवी जातेय, हे अंधारात त्यावरूनच ओळखायचं. मल्टिफोकलवर बारीक वर्तुळं कोरलेली असतात. आत येणारा उजेड ती दूरसाठी आणि जवळसाठी वाटून देतात, आणि वाटणी आली की वाटा कमी होतो. अंधारात फिकं ते आणखी फिकं दिसतं, दिव्यांभोवती खळी, म्हणजे उजेडाची कडी, दिसतात. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते. त्यांनाही थोडी झाली, पण तोवर सुकाणू पुतण्याकडे गेलं होतं. दुसऱ्या डोळ्यात डॉक्टरांनी साधी, एकाच अंतराची मोनोफोकल घातली.

चूक माझीही होती. फॉर्मवर "धंदा : मासेमारी" असं मीच लिहून घेतलं होतं. तेव्हापासून पैशांचं बोलण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, "रात्री काय करता?" रात्री गाडी चालवणारे, काचबिंदूवाले, साखरेमुळे पडदा खराब झालेले, यांच्यापुढे मी मल्टिफोकलचं पत्रकही ठेवत नाही.

जवळचं गृहीत धरणं. मोनोफोकल एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. ते अंतर बहुधा लांबचं ठेवतात आणि वाचायला चष्मा लागतो. पण ज्याला आयुष्यभर मायनस तीनचा नंबर आहे, तो चष्मा काढून वाचत आलेला असतो. एक निवृत्त गुरुजी पहाटे असंच पोथी वाचायचे. ऑपरेशननंतर खिडकीतून समोरच्या माडावरचे नारळ मोजू लागले, पण पोथीतलं अक्षर दिसेना. "माझे डोळे होते ते बरे होते," म्हणाले. लेन्स जवळच्या अंतराचीही घालता येते, पण ते आधी सांगायला हवं. मी आता पेशंटच्या हातात पंचांग देते आणि कुठे धरून वाचतो ते बघते. मुलगा घड्याळ बघत असला तर बघू दे.

गणपतीच्या आधी उरकून टाका. घाईत घेतलेलं माप म्हणजे चुकीचा नंबर. डोळ्याच्या लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच-तीनने चुकतो. कोरड्या डोळ्यावर बाकही नीट मोजला जात नाही. मी आधी थेंब देते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजते, दोन्ही डोळ्यांत फरक जास्त दिसला तर तिसऱ्यांदा. गणपती दरवर्षी येतात.

मोती पिकू द्या. हा आजीच्या काळातला सल्ला. पूर्ण पिकलेल्या मोतीतून मशीनचा प्रकाश आरपार जात नाही. मग अल्ट्रासाऊंडने मोजावं लागतं आणि ऑपरेशनही अवघड होतं.

टोरिक, म्हणजे तिरकस नंबर (सिलिंडर) घालवणारी लेन्स, ही दुकानदाराची युक्ती. नाही. तिरकस नंबर बराच असेल तर तीच योग्य. फक्त ती नेमक्या कोनात बसावी लागते. एक अंश सरकली की सुमारे तीन टक्के फायदा गेला, तीस अंश सरकली की सगळाच.

फॉरेनची आहे ना? मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवते, त्या परदेशातही जातात. पुढचा प्रश्न विचारा.

लेन्स खराब झाली. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, तर बहुधा लेन्समागची पातळ पिशवी गढुळलेली असते. याग लेसरने पाच-दहा मिनिटांत काम होतं. लेन्स बदलायला सांगणाऱ्याकडून उठून या.

प्रोस्टेटची गोळी लपवणं. टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलेली असेल, तरी सांगा. तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन मध्येच अवघड होतं. पुरुष हे सुनेसमोर बोलत नाहीत, म्हणून मी सुनेला चहा प्यायला पाठवते.

आणि डिस्चार्ज कार्डावरचा तो छोटा स्टिकर. त्यावर लेन्सचं मॉडेल, पॉवर आणि सीरियल नंबर असतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर तोच मागतात, आणि दहातले सात जण म्हणतात, "पेपरांत खय तरी आसतलो." तिथेच मोबाइलवर त्याचा फोटो काढा.