कॉलेजच्या आर्काइव्हमध्ये इंटर्नशिप करताय? गठ्ठा सोडण्याआधी हे वाचा

एमएच्या ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातली इंटर्नशिप) मी पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने कागद जपून ठेवतात त्या खोलीत, काम केलं, जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका पावसाळा. यंदा आपल्या डिपार्टमेंटची बरीच मुलं अशाच ठिकाणी जाणारेत आणि रोज कोणीतरी मेसेज करून विचारतंय की तिथे नक्की करायचं काय असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात आधी हे, की पहिल्या आठवड्यात काहीही आवरू नका. खोलीत पाऊल टाकलं की कपाटावर गठ्ठे, कपाटाखाली गठ्ठे, सुतळीनं बांधलेल्या फायली, लाल कापडात गुंडाळलेले रजिस्टर असं सगळं दिसतं आणि हात शिवशिवतात. मीही दुसऱ्याच दिवशी एक गठ्ठा सोडला, १९३० च्या दशकातले फीमाफीचे अर्ज होते, आणि मला वाटलं तारखेप्रमाणे लावले की आर्काइव्ह सांभाळणाऱ्या मॅडम खूश होतील. दोन तासात सगळं तारीखवार लावून टाकलं. संध्याकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "यातलं कुठलं शिफारसपत्र कुठल्या अर्जाचं होतं?" मला सांगता येईना. त्या काळच्या क्लार्कनी प्रत्येक मुलाचा अर्ज, त्याच्या हेडमास्तरांचं पत्र आणि कमिटीचा शेरा असे तीन कागद एकत्र टाचून ठेवले होते, टाचण्या कधीच गंजून तुटल्या होत्या, आणि कागद फक्त एकमेकांवर ठेवलेले असल्यामुळे त्यांचं नातं टिकून होतं. ते मी मोडलं.

मग पुढचे दोन आठवडे मी टाचणीची भोकं जुळवत बसले. खरंच, कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे आणि गंजाचा डाग दोन्हीवर त्याच जागी, त्याच आकाराचा आहे का बघायचं. २७ अर्जांपैकी १९ जुळले. उरलेले ८ एका वेगळ्या पाकिटात आहेत, वर पेन्सिलीनं लिहिलंय "क्रम तुटलेला". कोणाच्या तरी आजोबांची फी माफ झाली होती की नाही ते आता त्या कागदांवरून कोणालाच सांगता येणार नाही आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून गठ्ठा सोडण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, गाठ कशी आहे, वर काय लिहिलंय, कुठल्या फळीवर होता, सगळं. मग एकेक कागद उलटत जाताना वरच्या उजव्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं बारीक नंबर टाका, आणि नंबर पूर्ण होईपर्यंत एकही कागद जागचा हलवायचा नाही. ज्यानं ते कागद वापरले त्यानं ते ज्या क्रमानं ठेवले तो क्रम हीसुद्धा माहिती असते, आणि ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते.

आता हाताळणीचं. पेन खोलीत न्यायचंच नाही, फक्त पेन्सिल. हातमोज्यांबद्दल खूप जण विचारतात, पण कागदासाठी नकोत, कारण मोज्यांमुळे बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं, साबणानं धुऊन नीट कोरडे केलेले हात पुरतात. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे हवेतच, बोटांचा ठसा उठला की जात नाही. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा म्हणजे कागदावर ओरखडा येत नाही, मग हळूच वर उचला, आणि निघत नसेल तर राहू द्या आणि मॅडमना सांगा. फाटलेलं दिसलं तर सेलोटेप अजिबात नाही, काही वर्षांत टेप सुटते, गोंद कागदात मुरतो आणि पिवळा चट्टा कायमचा राहतो. धूळ मऊ चपट्या ब्रशनं, बाइंडिंगच्या बाजूकडून बाहेर. आणि हे करताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा.

पावसाळ्यात काम असेल तर वास घ्यायची सवय लावून घ्या. कपाट उघडलं आणि कुबट वास आला की आधी मास्क, मग तो गठ्ठा बाकीच्यांपासून लांब. आपल्याकडे घरी पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आहे, ती इथे चालवू नका, कडक उन्हात शाई उडते आणि जुना कागद पापडासारखा होतो. सावलीत, हवेशीर जागी, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवायचं. बुरशी पुसायची नाही, ओली असताना पुसली की आणखी पसरते. कसर लागलेलं काही दिसलं तर तेही लगेच वेगळं काढा, दुपारपर्यंत थांबू नका.

डागांवरून एक आठवलं. एका कपाटाच्या खालच्या फळीवरच्या बऱ्याच रजिस्टरांवर तपकिरी, नागमोडी रेघ होती, एकाच उंचीवर, जणू कोणी फूटपट्टीनं मोजून काढली असावी, आणि रेघेखालची पानं एकमेकांना चिकटलेली. मी शेरा लिहिणार होते "पाण्याने खराब". तेवढ्यात ऑफिसातले जुने शिपाई मामा आले आणि म्हणाले, हे पानशेतचं पाणी आहे, माझे वडील इथेच होते तेव्हा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या दिवसाचा गाळ असा हाताला लागेल असं वाटलं नव्हतं. तरी नुसतं ऐकून लिहायचं नसतं, म्हणून मी फळीवरची सगळी रजिस्टरं उघडून पाहिली. रेघ असलेलं शेवटचं रजिस्टर १९६०-६१ चं होतं, त्यानंतरचं १९६२ पासून सुरू होत होतं आणि ते कोरडं ठणठणीत. मग शेऱ्यात लिहिलं: "पुराच्या पाण्याची रेघ, १९६१ चा पानशेतचा पूर असण्याची शक्यता, माहिती सांगीव." मामा, काकू, लायब्ररीतले रिटायर्ड सर, या लोकांना विचारत राहा, आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं हे तारखेसकट लिहून ठेवा.

यादी करणं हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि खरं काम तेच आहे, कारण जो कागद यादीत नाही तो कपाटात असून नसल्यासारखा. इथे पुण्यातल्या कागदांचे काही खाचखळगे आहेत. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर मुंबई युनिव्हर्सिटी दिसली तर घाबरू नका, तेव्हा इथली कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती. कागदावर पूना असेल तर पूनाच लिहा, आजचं नाव वेगळ्या कॉलममध्ये टाका म्हणजे दोन्ही नावांनी शोधता येतं. दहावीची पहिली बॅच १९७५ ची, त्याआधीचं एसएससी म्हणजे अकरावी, त्यामुळे जुन्या अ‍ॅडमिशन फॉर्मवरची वर्षं मोजताना गोंधळ होतो. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतची असेल तर ७९, पण मूळ तारीख आहे तशी आधी लिहा. मोडी दिसली तर अंदाजानं वाचू नका. शेऱ्यात "मोडी" एवढं लिहून पुढे जा, पुण्यात मोडी वाचणारी माणसं मिळतात.

आणि एक्सेल! १९५७ पर्यंतचे हिशेब रुपये-आणे-पैमध्ये आहेत, १२ पैचा आणा, १६ आण्यांचा रुपया. हॉस्टेलच्या खानावळीच्या वहीत १२-८-६ असं लिहिलेलं मी तसंच टाइप केलं आणि एक्सेलनं त्याचं १२ ऑगस्ट २००६ करून टाकलं, आणि ते माझ्या लक्षात आलं ४० ओळींनंतर. कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर सरळ तीन कॉलम करा.

स्कॅनिंगचं फार काही नाही. मजकुराला ३०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईनं होतो त्याचं माप), फोटोंना ६००, मूळ कॉपी टिफ फाईलमध्ये, वापरायला पीडीएफ. बांधीव रजिस्टर फ्लॅटबेड स्कॅनरच्या सपाट काचेवर दाबायचं नाही, पाठ मोडते, त्यासाठी वरून फोटो घ्या. फाईलच्या नावात नंबर ००१ असा लिहा, नाहीतर १ नंतर १० येतं. कॉपी तीन ठिकाणी, त्यातली एक त्या इमारतीच्या बाहेर.

अजून एक, आणि हे मी कळकळीनं सांगतेय. जुन्या रजिस्टरमध्ये मुलांची जात, वडिलांचं उत्पन्न, नापास झालेले विषय, शिस्तीच्या नोटिसा सगळं असतं. अक्षर सुंदर दिसलं म्हणून फोटो काढून स्टेटसला टाकू नका. त्यातली कितीतरी माणसं आज याच शहरात आहेत, नाहीतर त्यांची मुलं-नातवंडं आहेत, आणि ते कागद त्यांनी आपल्याला दाखवलेले नाहीत. बाहेर काय दाखवायचं ते परवानगी विचारून, लेखी.

शेवटचे दोन दिवस नवीन गठ्ठा घेऊ नका, ते दिवस पुढच्या मुलासाठी चिठ्ठी लिहायला ठेवा. माझी चिठ्ठी अशी होती: "गठ्ठा ४१, पान ११८ पर्यंत नंबर टाकलेत. ११९ आणि १२० चिकटलेली आहेत, सोडवू नका, मॅडमना माहितीये. खिडकीजवळची फळी ऑगस्टमध्ये ओली होते, तिथे काही ठेवू नका. मामा मंगळवारी आणि शुक्रवारी असतात."