व्हायोलिन-गिटार जोडीसाठी गाणं बसवताना

आधी पट्टी, म्हणजे सा कोणत्या स्वरावर धरायचा ते ठरवा. मूळ गाणं काळी एकमध्ये (सी शार्प) आहे म्हणून तुम्हीही तिथेच वाजवायला पाहिजे असं नाही. गिटारवाला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सुटतो, पण शुद्ध स्वरांच्या गाण्यात व्हायोलिनची एकही मोकळी तार कामी येत नाही आणि आवाज दबतो. पांढरी दोन (डी) घ्या. व्हायोलिनच्या दोन मधल्या तारा सा आणि प होतात, गिटारची चौथी सा, पाचवी प. गिटारची सहावी तार ईवरून डीवर उतरवली की खर्जाचा सा मोकळा मिळतो. मात्र व्हायोलिन हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा लावलेलं असेल, तर पाश्चात्त्य नोटेशनवरची बोटं चालणार नाहीत. पहिल्याच बैठकीत हे विचारून घ्या.

आता जागावाटप. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे गिटारची मोकळी तिसरी तार. त्याखालचं सगळं एकट्या गिटारचं. बेस तिथे ठेवा आणि वर दोन-तीन स्वरांचीच कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) द्या. नवखे सहाही तारा झोडत राहतात. व्हायोलिन जाड तारांवर आलं की चाल त्यात बुडते.

रागावरची चाल असेल तर कॉर्ड फार जपून. भूप रागात म आणि नी नाहीत. सवयीने पंचमावर मेजर कॉर्ड धरली की तिच्यात नी येतो आणि भूप तिथेच मोडतो. प आणि रे एवढेच वाजवा, नी गाळा. पांढरी दोनमध्ये ते ए आणि ई, म्हणजे पाचवी आणि पहिली तार, दोन्ही मोकळ्या. यमनात शुद्ध म असलेली चौथ्या स्वराची कॉर्ड नको. शिवाय व्हायोलिनचा लांब गंधार कानाने लागतो, तो गिटारच्या पडद्यावरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट) खाली असतो. दोघांनी एकदम धरला तर खरखर ऐकू येते. व्हायोलिन गंधारावर थांबलं की गिटारने फक्त सा-प छेडावं. अशा वेळी दोन वाद्यं खरोखर एक होतात!

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि लांब स्वर व्हायोलिनकडेच. गिटारचा स्वर लगेच विरतो, म्हणून गिटारला आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागोमाग) द्या. एखाद्या अंतऱ्यात अदलाबदल करा, चाल गिटारवर आणि व्हायोलिन पिझिकातोत, म्हणजे गजाऐवजी बोटाने तार छेडून. पण गिटारचं नोटेशन प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहितात. व्हायोलिनचीच ओळ गिटारसमोर ठेवली तर चाल सप्तकभर खाली वाजेल. ती वर चढवून लिहा. गज कुठे बदलायचा ते गाण्याच्या शब्दांवरून ठरवा, एका शब्दाच्या मध्ये गज उलटला की ओळ तुटते.

पाश्चात्त्य वाचनासाठी पागानिनीचे ओपस २ आणि ३ घ्या, दोन्हींत सहा-सहा सोनाटा आहेत. तो स्वतः गिटार वाजवायचा, त्यामुळे साथ किती मोजकी पुरते ते त्यात दिसतं.

पाडवा पहाटेला किंवा नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या लॉन्सवर वाजवायचं असेल तर अर्धा तास आधी वाद्यं पेटीतून काढून तिथल्या हवेत ठेवा. गार हवेत स्टीलच्या तारा आखडतात, स्वर चढतो. कोरड्या हवेत व्हायोलिनच्या खुंट्या घसरतात, म्हणून खुंटीला लावायचा खडू जवळ असू द्या. उघड्यावर गिटारचा आवाज आधी हरवतो. तिचा माइक बाराव्या पडद्यासमोर २०-३० सेंटिमीटरवर लावा. भोकासमोर लावला तर नुसता घुमतो.