तारा-पॉलिमरचा क्लाउड पॉइंट भलताच येतोय? या चुका टाळा

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड, म्हणजे लॅबमधलं पीनायपाम, पाण्यात साधारण ३२ अंश सेल्सिअसला गढूळ होतं; हाच त्याचा क्लाउड पॉइंट. त्याच्याच साखळ्या भुजांसारख्या एका गाभ्याला जोडून तारा केला आणि आकडा २८ आला, की लगेच लिहायला हात शिवशिवतात: ‘ताराकृती रचनेमुळे क्लाउड पॉइंट उतरला.’ जरा दम धरा. तो आकडा उतरवणारे बाकीचे उमेदवार आधी तपासा.

पहिला संशय भुजांच्या टोकांवर घ्या. राफ्ट पद्धतीने (साखळ्यांची वाढ एका एजंटने काबूत ठेवून) तारा केला असेल आणि त्या एजंटला बारा कार्बनची डोडेसिल शेपटी असेल, तर ती शेपटी पाण्यापासून पळणारी असते. शेकडो एककांच्या सरळ साखळीत ती खपून जाते. पण २०-२५ एककांच्या सहा भुजा असल्या की एकाच रेणूला अशा सहा शेपट्या! त्या शेजारच्या ताऱ्यांच्या शेपट्यांशी जुळतात, आणि द्रावण तापवण्याआधीच झुबके तयार असतात. गाभा जलविरोधी असेल तर तोही वाटा उचलतो. म्हणून तेवढ्याच लांबीची, तसंच टोक असलेली सरळ साखळी सोबत बनवून मोजा. हा कंट्रोल नसेल तर तुलना कशाशी करणार? बहुतेक वेळा वगळला जातो तो नेमका हाच नमुना.

संश्लेषणातला मोठा घोळ म्हणजे हाव. मोनोमर (साखळीचा कच्चा माल) शेवटच्या थेंबापर्यंत वापरायच्या नादात दोन ताऱ्यांच्या भुजा एकमेकींना चिकटतात. जीपीसीच्या (रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या चाचणीच्या) आलेखात जड बाजूला खांदा दिसला तर कारण बहुधा हेच. रॅडिकलचं (साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील कणांचं) प्रमाण कमी ठेवा आणि अभिक्रिया अर्ध्यातच थांबवा. मोनोमर वाया गेला तर जाऊ द्या. हलक्या बाजूला शेपूट दिसली तर सरळ साखळ्या मिसळल्या आहेत, आणि त्या डायलिसिसने सहज निघत नाहीत. अंशतः अवक्षेपण, म्हणजे टप्प्याटप्प्याने साका पाडणं, करावं लागतं. एटीआरपी (तांब्याच्या उत्प्रेरकाने साखळी वाढवण्याची पद्धत) करणाऱ्यांनी ॲक्रिलेटची बायपिरिडिनवाली रेसिपी ॲक्रिलामाइडला लावू नये. तिथे मी-सिक्स-ट्रेन हा लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) आणि आयसोप्रोपेनॉलसारखा द्रावक बरा चालतो.

जीपीसीने रेणुभार अपेक्षेपेक्षा कमी दाखवला म्हणून भुजा गळाल्या असं समजू नका. तारा गुटगुटीत असतो, तेवढ्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा कमी जागा घेतो, म्हणून सरळ मानकांवरून काढलेला आकडा कमीच येणार. प्रकाश-विकिरण डिटेक्टर वापरा. किंवा गाभ्याचे एस्टर बंध अल्कलीने तोडून सुट्या भुजा मोजा. (भुजांमध्येच एस्टर असतील तर हा उपाय जपून.)

आता डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणं. इथली एक चूक इतकी साळसूद आहे की पकडलीच जात नाही. पाण्याची श्यानता (दाटपणा) २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ०.६५. सॉफ्टवेअरमध्ये श्यानता हाताने भरलेली असेल आणि तापमान वाढवताना ती बदलायची राहून गेली, तर ४० अंशांना १० नॅनोमीटरचा कण सुमारे ७.३ दिसतो. ‘भुजा आक्रसल्या’ म्हणून आनंद होतो. प्रत्यक्षात पाणी पातळ झालेलं असतं. दुसरं, विकिरणाची तीव्रता त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढते. मूठभर झुबके किंवा धुळीचे चार कण सगळे सुटे तारे झाकून टाकतात. द्रावण गाळायचं ते थंड असतानाच. क्लाउड पॉइंटजवळ गाळलं तर पॉलिमर फिल्टरवर राहतो आणि आपण जवळजवळ नुसतं पाणी मोजत बसतो.

गढूळपणा मोजतानाही डोळे उघडे ठेवा. फ्रिजमधून काढलेल्या क्युवेटच्या (नमुन्याच्या काचेच्या कुपीच्या) बाहेर दव धरतं. तापताना पाण्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात काचेला चिकटते. मग आलेख गुळगुळीत न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. द्रावणातली हवा आधी काढा, तापवण्याचा वेग मिनिटाला अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. आकडा लिहिताना संहती, वेग, आणि पारगमन (आरपार जाणारा प्रकाश) ५० टक्क्यांवर आल्याचं तापमान घेतलं की उतार सुरू झाल्याचं, हे सोबत लिहा. बफर वापरला असेल तर तेही. त्यातले फॉस्फेटसारखे क्षार क्लाउड पॉइंट खाली ओढतात. आणि एका संहतीला मोजलेल्या क्लाउड पॉइंटला एलसीएसटी म्हणू नका. एलसीएसटी हा अख्ख्या प्रावस्था-आलेखातला (सगळ्या संहतींचा मिळून) सर्वांत खालचा बिंदू.

भुजा पॉली-टू-आयसोप्रोपिल-टू-ऑक्झॅझोलिनच्या असतील तर आणखी एक फसगत होते. हा पॉलिमर क्लाउड पॉइंटच्या वर तासन्‌तास ठेवला की स्फटिकरूप धरतो, आणि थंड केल्यावरही पांढरे तंतू तरंगत राहतात. त्याला हिस्टेरेसिस (तापवताना आणि थंड करताना वेगळा आकडा येणं) समजून तीच क्युवेट पुन्हा तापवू नका. ताजं द्रावण घ्या, आणि गरम अवस्थेत मोजून तेवढाच वेळ ठेवा.