आपल्याला हवं तसं माणूस व्हायचंय? एका वेळी एकच गुण धरा

शांत, समजूतदार, शब्दाला जागणारं माणूस व्हावं असं अनेकांना मनापासून वाटतं. पण दिवस जातो फोन, प्रवास आणि कामाच्या धबडग्यात. म्हणून त्या इच्छेला दिवसातली ठरलेली वेळ आणि ठरलेली कृती मिळवून द्यावी लागते.

१. एकच गुण निवडा. अठराव्या शतकातले अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती. तेराही गुण एकदम अंगी बाणवणं अवघड, म्हणून ते दर आठवड्याला एकाच गुणाकडे लक्ष देत. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. छोट्या वहीत एकेका गुणाचं पान, त्यावर सात वारांचे रकाने आणि चूक झाली की काळा ठिपका.

मुळात यादी १२ गुणांची होती. 'लोकांना तू गर्विष्ठ वाटतोस,' असं एका मित्राने तोंडावर सांगितलं, तेव्हा तेरावा गुण आला: नम्रता. मला यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. बायको, नवरा, बहीण, जुना मित्र, ज्यांना भीड वाटत नाही अशांना विचारा, 'माझ्यात काय बदलायला हवं?' उत्तर मिळालं की लगेच स्वतःचा बचाव करू नका.

२. गुणाची कृती करा. 'मुलांशी धीराने वागेन' एवढ्याने काही होत नाही. 'घरी येऊन चपला काढल्या की फोन कपाटावर ठेवीन आणि मुलगी शाळेतलं सांगेल ते मध्ये न तोडता ऐकेन', असं लिहा. ती तीच गोष्ट दोनदा सांगेल, कोणी कोणाचा डबा सांडला इथेच अडकेल. ओठावर आलेलं 'बरं, गृहपाठ झाला का?' तेवढं गिळायचं. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा आखणीने ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनात दिसलं आहे.

३. जागा करा. नव्या गोष्टीसाठी जुनं काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडणार, तेही लिहा.

४. रात्री वहीत खूण करा. जमलं तर बरोबर, नाही तर फुली. २१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं. मध्यक ६६ दिवसांचा, म्हणजे साधारण निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. तेव्हा फुली पडली तरी वही बंद करू नका.

५. रविवारी पान पाहा. फुल्या एकाच वारी पडत असतील, तर स्वतःला दोष देण्याआधी वेळ बदला. गुरुवारी कामावरून उशीर होतो? मग त्या दिवशीचं ऐकणं सकाळी, मुलीची वेणी घालताना.