सी३ नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका: अल्टरनेटिव्ह पाथवेच्या तपासणीत होणाऱ्या या चुका टाळा

मी लॅबमध्ये काम करते, पेशंट मला दिसत नाही, दिसते फक्त ट्यूब आणि तिच्यासोबतची चिठ्ठी. विषय कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या रक्तातल्या प्रोटिन्सच्या साखळीचा: सी३ हे तिच्यातलं मधलं प्रोटिन आणि अल्टरनेटिव्ह पाथवे हा ती सुरू व्हायचा एक रस्ता. मागे एकदा सात वर्षांच्या मुलाची ट्यूब आली, फॅक्टर एचच्या (या साखळीला आवर घालणाऱ्या प्रोटिनच्या) विरुद्ध अँटिबॉडी आहे का बघायला, आणि आकडा अगदीच कमी आला. मला पटेना म्हणून वॉर्डात फोन लावला तेव्हा कळलं की आधी दोनदा प्लाझ्मा एक्स्चेंज (पेशंटचा प्लाझ्मा काढून त्याजागी दुसरा देणं) झालंय. म्हणजे जे शोधायचं तेच आपण धुऊन टाकलेलं. पुढे ते मूल बरं झालं, पण खात्रीचं निदान हातात यायला फार दिवस गेले आणि ते मला अजून लागतं.

म्हणून पहिली चूक हीच. ॲटिपिकल एचयूएसचा (कॉम्प्लिमेंट बेलगाम होऊन किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करणाऱ्या आजाराचा) संशय आला, म्हणजे हिमोग्लोबिन घसरतंय, प्लेटलेट्स कमी, क्रिएटिनिन वाढतंय आणि स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी दिसतायत, की प्लाझ्मा चढवायच्या किंवा एक्स्चेंजच्या आधी ट्यूबा भरून ठेवा. सी३, फॅक्टर एच, त्याची अँटिबॉडी, आणि एडॅम्स टीएस १३ (टीटीपी हा तसाच दिसणारा आजार वेगळा काढायला बघतात ते एन्झाइम) सुद्धा. पाठवायचं नंतर ठरवा हवं तर, पण रक्त आधी काढा.

हा पाथवे मुळात कसा चालतो ते डोक्यात बसलं की बाकीच्या चुका आपोआप कमी होतात. चुलीत राखेखाली निखारा कायम धुमसत असतो ना, तसं रक्तातलं सी३ सतत थोडं थोडं आपोआप फुटत असतं, जंतू येवो न येवो, अँटिबॉडी असो नसो. समोर बॅक्टेरियाचा पृष्ठभाग मिळाला की फॅक्टर बी आणि फॅक्टर डी मिळून कन्व्हर्टेज (सी३ फोडणारं एन्झाइम) तयार करतात, प्रॉपर्डिन नावाचं प्रोटिन त्याला धरून ठेवतं, आणि एका सी३ मागे ढीगभर सी३ फुटतं. आपल्या पेशींवर हे होऊ नये म्हणून फॅक्टर एच, फॅक्टर आय आणि पेशीवरची काही प्रोटिन्स राखेसारखी वरून दाबून ठेवतात. ॲटिपिकल एचयूएसमध्ये नेमकी ही राख उडते आणि आग किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना लागते. (लुई पिलेमर या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये प्रॉपर्डिन मांडलं तेव्हा त्याच्यावर प्रचंड टीका झाली, १९५७ मध्ये तो गेला, आणि त्याचं बरोबर होतं हे मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. मला हे आठवलं की वाईट वाटतं.)

आता सी३ नॉर्मल आला म्हणून सोडून देणं. आपण मोजतो ते रक्तात उरलेलं सी३, भांडण चाललंय रक्तवाहिनीच्या भिंतीवर, आणि तापात लिव्हर सी३ जास्तच बनवतं, त्यामुळे आकडा छान दिसू शकतो. कमी आला तर उपयोगी, नॉर्मल आला तर काहीच नाकारता येत नाही.

जुलाब होते म्हणजे साधं एचयूएस (जुलाबाच्या जंतूच्या विषाने होणारं), हा पण एक घोळ. भारतातल्या मुलांच्या ॲटिपिकल एचयूएसमध्ये निम्म्याहून जास्त जणांना फॅक्टर एचच्या अँटिबॉडीज सापडतात, युरोपात हे प्रमाण खूपच कमी आहे, आणि यातल्या काही मुलांना आधी ताप-जुलाब होऊन गेलेले असतात. परदेशी पुस्तकातला क्रम इथे जसाच्या तसा लावू नका. अँटिबॉडीवाल्या आजाराला प्लाझ्मा एक्स्चेंजसोबत इम्युनिटी दाबणारी औषधं लागतात, म्हणून अँटिबॉडी कळणं इतकं महत्त्वाचं.

ट्यूबचं बोलू, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सीएच५० (क्लासिकल पाथवे, म्हणजे अँटिबॉडीने सुरू होणारा रस्ता, चालतो का) आणि एएच५० (अल्टरनेटिव्ह पाथवे चालतो का) या तपासण्यांसाठी साधं सीरम लागतं, लवकर वेगळं करून उणे ७० ला गोठवलेलं. वॉर्डातल्या टेबलावर दुपारभर पडलेली ट्यूब आली तर कॉम्प्लिमेंट आपोआप संपतं, रिपोर्ट शून्याजवळ येतो आणि नसलेला जन्मजात आजार पेशंटच्या माथी बसतो. उलट बीबी किंवा विरघळलेलं सी५बी-९ (कॉम्प्लिमेंट चालू झाल्याच्या रक्तातल्या खुणा) मोजायचं असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब हवी, कारण फॅक्टर बीला चिकटायला मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए ते पकडून ठेवतं आणि ट्यूबमध्येच नवीन फुटाफूट होत नाही. रिपोर्ट वाचताना दोन्ही आकडे एकत्र वाचा: दोन्ही शून्य तर आधी सॅम्पलवर संशय घ्या आणि मग सी३ किंवा सी५ ते सी९ बघा, फक्त सीएच५० शून्य तर सी१, सी२, सी४, आणि फक्त एएच५० पडलं तर फॅक्टर बी, डी किंवा प्रॉपर्डिन. नुसता सीएच५० करून कॉम्प्लिमेंट ठीक आहे असं लिहू नका, त्यात अल्टरनेटिव्ह पाथवे तपासलाच जात नाही. प्रॉपर्डिनचा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो, त्यामुळे मुलाला मेनिंजायटिस झाला तर मामा लहानपणी तशाच तापात गेला होता का, हे आईला नक्की विचारा.

घशाच्या किंवा त्वचेच्या इन्फेक्शननंतर लघवी लाल झाली, एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची अँटिबॉडी) वाढलेला, सी३ कमी, सी४ नॉर्मल, की पीएसजीएन (स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शननंतर किडनीला येणारी सूज) लिहून मोकळं होतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत वर यायला हवं आणि ते परत तपासायला कोणी बोलावतच नाही! तीन महिन्यांनीही खालीच असेल तर सी३ ग्लोमेरुलोपथीचा (अल्टरनेटिव्ह पाथवे बिघडून किडनीत सी३ साचण्याच्या आजाराचा) विचार करून बायोप्सी बघा, तोही आजार इन्फेक्शननंतर सुरू होऊ शकतो.

कॉम्प्लिमेंट दाबणारं औषध, म्हणजे सी५ अडवणारं एक्युलिझुमॅब किंवा फॅक्टर बी अडवणारी इप्टाकोपॅनची गोळी सुरू करताना मेनिंगोकोकसची (मेनिंजायटिस करणाऱ्या जंतूची) लस विसरू नका, शक्यतो दोन आठवडे आधी, आणि वेळ नसेल तर लस देऊन अँटिबायोटिकचं कव्हर द्या. एक्युलिझुमॅबवर हे इन्फेक्शन व्हायचा धोका हजार ते दोन हजार पटींनी वाढतो आणि लस पूर्ण संरक्षण देत नाही, म्हणून ताप आला की त्याच दिवशी हॉस्पिटल, हे आईबाबांना कागदावर लिहून द्या.

अँटिबॉडीवालं मूल घरी गेलं की फॉलोअप सुटतो, मूल हसतंखेळतं दिसतं म्हणून. पण आजार उलटतो तो जास्त करून पहिल्या दोन वर्षांत. ठरलेल्या वेळी अँटिबॉडीचं टायटर (रक्तातलं प्रमाण) करा, आणि मधे सर्दी-ताप आला की सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवी, तिन्ही लगेच.